निळा लॉट

फिल्टर प्रेस, म्हणजे द्रावण कापडांतून दाबून गाळणारं यंत्र, तुंबणं ही आमच्याकडे काही बातमी नाही. कापड जुनं झालेलं असतं, पंपाचं सील गळत असतं, कुणीतरी घाईत जास्त माल ढकललेला असतो. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या सकाळी कंपनीच्या गाडीतून उतरल्या उतरल्या सिद्धाराम समोर आला आणि म्हणाला, "मॅडम, प्रेस चोक झालाय की," तेव्हा मी आधी लॅबमध्ये जाऊन डबा ठेवला, एप्रन चढवला, पाणी प्यायले आणि मग खाली गेले. साडेआठच वाजत होते, पण पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं.

प्रेशरचा काटा सात किलोवर आणि खालच्या नळ्यांतून थेंब थेंब. प्लेटा उघडायला लावल्या. कापडावर केक, म्हणजे गाळाचा घट्ट थर, धरलाच नव्हता. तांबूस-पिवळा, बुळबुळीत थर होता, सायझिंगमध्ये सुताला लावतात त्या खळीसारखा. खरवडायला गेलं की हातमोज्यालाच चिकटून यायचा. सिद्धारामची रात्रपाळी कधीच संपली होती, पण गडी घरी गेला नव्हता. "कापडं धुऊन धुऊन वैतागलो. केक बसंनाच. अर्धी टाकी तशीच हाय बघा."

आमचा कारखाना सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत, पुणे रस्त्याला. मेलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या एका दारानं आत येतात, आणि दुसऱ्या दारानं निकेल, कोबाल्ट, मँगनीज, लिथियम यांचे क्षार बाहेर पडतात. त्यांतून पुन्हा बॅटरीच्या इलेक्ट्रोडचा माल बनतो. नातेवाइकांना मी एवढंच सांगते, कारण पुढे सांगायला लागलं की ते जेवायला वाढू का विचारतात.

पण इथे थोडं सांगावं लागेल, नाहीतर लगद्याची गंमत कळणार नाही. सेल उघडला तर आत दोन लांब पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर कॅथोडचा काळा लेप, तांब्याच्या फॉइलवर ग्राफाइटचा, आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. सेल नायट्रोजनच्या आवरणात चिरडायचे, म्हणजे भडका उडत नाही. लोखंडी डब्यांचे तुकडे चुंबकानं ओढून घ्यायचे, तांबं-अ‍ॅल्युमिनियम चाळून काढायचं. खाली जी काळी पूड उरते तिला धंद्यात ब्लॅक मास म्हणतात, आमच्या शेडमध्ये नुसतं 'काळा माल'. हा काळा माल गरम सल्फ्युरिक आम्लात सोडायचा आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइड द्यायचं. कॅथोडमधला कोबाल्ट आणि मँगनीज ज्या अवस्थेत असतात, त्या अवस्थेत आम्लाला दाद देत नाहीत. पेरॉक्साइड त्यांना एक-दोन इलेक्ट्रॉन देऊन खाली उतरवतं, मग ते विरघळतात. ग्राफाइट विरघळत नाही, ते गाळून निघतं. उरलेल्या द्रावणाचा पीएच सोड्यानं हळूहळू चढवत नेला की लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम आधी खाली बसतात, निकेल-कोबाल्ट वर द्रावणात राहतात. प्रेस तुंबला होता तो नेमका या टप्प्याला.

म्हणजे लगदा लोखंडाचा होता, याबद्दल शंका नव्हती. चुंबकातून निसटलेले डब्यांचे कण असतातच, त्यामुळे थोडं लोखंड रोजच निघतं. प्रश्न होता तो एवढं कुठून आलं याचा. आणि हे नुसतं साफसफाईचं प्रकरण नव्हतं. असा चिकट लगदा आपल्याबरोबर निकेल आणि कोबाल्ट धरून ठेवतो, कितीही धुतला तरी सगळं सोडत नाही. शिवाय जे थोडं लोखंड द्रावणात पुढे जातं, ते बॅटरीच्या दर्जाच्या सल्फेटमध्ये चालत नाही. तिथे दहा लाख भागांत पाच-दहा भाग एवढीच सूट असते.

मी रात्रीचं लॉगशीट मागवलं. शेऱ्याच्या रकान्यात सिद्धारामनं त्याच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'पेरॉक्साइड निम्मंच लागलं. माल लवकर विरघळला.' त्याखाली प्रॉडक्शनच्या साहेबांची सही आणि 'गुड'. पेरॉक्साइड हा आमच्याकडे खर्चाचा मोठा आकडा आहे, त्यामुळे साहेबांना आनंद होणं साहजिक होतं. मला मात्र त्या 'गुड'पाशी अडखळायला झालं. काळा माल तेवढाच, आम्ल तेवढंच, आणि पेरॉक्साइड निम्मं? मग उरलेले इलेक्ट्रॉन दिले कुणी?

नमुना घेऊन वर गेले. आमच्याकडे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचं मशीन आहे. निकेल, कोबाल्ट, मँगनीज, लिथियम, लोखंड, तांबं यांचे आकडे ते देतं. लोखंडाचा आकडा असा आला की मी नमुना पातळ करून पुन्हा लावला. तोच आला. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅग्नेट गेला असणार. फिटरला सांगतो." आणि पुढचे दोन तास फिटर आणि त्याचा पोरगा मॅग्नेटिक सेपरेटर उघडून बसले. मॅग्नेट ठणठणीत होता. फिटरनं पाना त्याला चिकटवून दाखवला आणि मग तो काढायला दोघं लागले.

तोवर माझ्या डोक्यात दुसरंच नाव फिरत होतं. एलएफपी, लिथियम आयर्न फॉस्फेट.

बॅटरीच्या कॅथोडांत ही एक वेगळीच जात. १९९७ मध्ये अमेरिकेत टेक्सासला जॉन गुडइनफ यांच्या गटानं तिच्यावरचा शोधनिबंध छापला. गुडइनफांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं. त्या निबंधावर त्यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावं आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं. एलएफपीत कोबाल्ट नाही, निकेल नाही, नुसतं लोखंड आणि फॉस्फेट. म्हणून स्वस्त, म्हणून तापल्यावरही सहजासहजी भडकत नाही. ई-रिक्षा, सौर पथदिवे, इन्व्हर्टर यांत ती आता सर्रास असते. वापरणाऱ्याला ती सोन्यासारखी. आम्हाला तिच्यात विकण्याजोगं म्हणजे थोडंसं लिथियम आणि फॉइल, बस्स. म्हणून ती वेगळ्या भावानं घेतात, वेगळी साठवतात, आणि निकेल-कोबाल्टच्या लाइनवर तिला फिरकू देत नाहीत.

आणि एलएफपी असेल तर पेरॉक्साइडचंही कोडं सुटत होतं. तिच्यातलं लोखंड खालच्या अवस्थेतलं असतं, फेरस. आम्लात विरघळल्यावर ते स्वतःचा इलेक्ट्रॉन शेजारच्या कोबाल्टला देऊन टाकतं आणि फेरिक होऊन बसतं. जे काम करायला आपण पैसे मोजून पेरॉक्साइड ओततो, ते लोखंडानं फुकटात केलं होतं. रात्री सिद्धारामनं जे पाहिलं ते खरंच होतं. माल खरोखर लवकर विरघळला होता.

पण हे डोक्यात जुळणं वेगळं आणि साहेबांपुढे ठेवणं वेगळं. लोखंड डब्याचंही असू शकतं, एलएफपीचंही. मशीनच्या आकड्याला दोन्ही सारखेच. फरक करायचा तर फॉस्फरस मोजायला हवा, आणि आमचं मशीन फॉस्फरस दाखवत नाही. पुण्याच्या लॅबला नमुना पाठवला असता तर अहवाल यायला आठवडा. टाकीत तीन हजार लिटर द्रावण तापत पडलेलं.

मग मी सगळ्यात खालचं कपाट उघडलं. अमोनियम मॉलिब्डेटची बाटली. बीएस्सीला ज्यांनी सॉल्ट अ‍ॅनालिसिस केलंय त्यांच्या डोळ्यांपुढे आत्ताच पिवळा रंग आला असेल. नमुन्यात नायट्रिक आम्ल घालायचं, मॉलिब्डेटचं द्रावण घालायचं, कोमट करायचं. फॉस्फेट असेल तर कॅनरी पक्ष्याच्या पिवळ्या रंगाचा साका बसतो. कोमट करायला मी बर्नर पेटवला नाही. मे महिन्यात सोलापुरात टेस्ट ट्यूब खिडकीत ठेवली की पुरते.

एक काळजी होती. लिथियम-आयन सेलच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये फॉस्फरसचा एक क्षार असतोच, लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. त्याचं विघटन होऊन थोडं फॉस्फेट कुठल्याही लॉटमध्ये येऊ शकतं. म्हणून शेजारी दुसरी ट्यूब लावली, आधीच्या चांगल्या लॉटच्या राखून ठेवलेल्या नमुन्याची. राखीव नमुने ठेवण्यावरून मला दर ऑडिटच्या आधी बोलणी बसतात, फार जागा अडवते म्हणून. त्या दिवशी ती जागा कामी आली. जुन्या नमुन्याच्या ट्यूबमध्ये जेमतेम पिवळसर झाक. नव्या लॉटच्या ट्यूबमध्ये बघता बघता दोन बोटं साका.

दोन्ही ट्यूबा स्टँडसकट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. साहेब मूळचे मेकॅनिकलचे, पण माणूस समजूतदार. त्यांनी ट्यूबा उजेडात धरल्या, आणि मग जे खरं होतं तेच बोलले. "पण चलनावर एनएमसी लिहिलंय. सगळे निळे सेल होते. मी स्वतः बघितलेत." एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली जात, जी आमच्या लाइनवर चालते.

स्टोअरमध्ये त्या लॉटचे काही क्रेट अजून शिल्लक होते, चिरडायचे राहिलेले. आम्ही दोघं तिकडे गेलो.

पुण्याकडच्या एका भंगार व्यापाऱ्याकडून आलेले ते सुटे सेल. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब, लॅपटॉपपासून स्कूटरपर्यंत सगळीकडे असतात तसे. सगळ्यांना एकसारखं निळं प्लास्टिकचं वेष्टन. आणि इथे या धंद्यातली एक मेख आहे. वेष्टनाचा रंग काहीच सांगत नाही. जुने पॅक फोडून त्यातले बरे सेल निवडायचे, त्यांना नवी निळी स्लीव्ह चढवायची, ड्रायरनं तापवून बसवायची, आणि परत पॅक बांधायचे, असा उद्योग गल्लोगल्ली चालतो. त्यात लबाडी असतेच असं नाही. कंपनीचा शिक्का मात्र पुसला जातो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे व्होल्टेज. एनएमसीचा सेल साधारण ३.६-३.७ व्होल्टचा, एलएफपीचा ३.२ चा. पण भरलेले सेल ट्रकमधून पाठवणं धोक्याचं, म्हणून व्यापाऱ्यानं सगळे आधीच निचरून पाठवले होते. ते अगदी योग्यच केलं होतं. फक्त निचरल्यावर दोन्ही जाती मीटरला सारख्याच दिसतात, जवळपास शून्य. सुरक्षिततेसाठी जे करायलाच हवं, त्यानंच ओळख पुसली होती.

आम्ही क्रेटपाशी वाकून उभे होतो आणि मी मीटरचे टोक इकडे तिकडे लावून पाहत होते. शॉर्टिंगच्या टेबलावरून (आमच्याकडे सॉर्टिंगला सगळे शॉर्टिंगच म्हणतात) अंबक्का बघत होत्या. पन्नाशीच्या पुढच्या, कुंभारीच्या विडी घरकुलातून येतात. आयुष्यभर विड्या वळल्या, मग पाठीनं आणि तंबाखूच्या खकाण्यानं नको केलं तेव्हा लेकीनं इथे चिकटवलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, शेजारणीशी कन्नड. सोलापुरात यात विशेष काही नाही.

"काय शोधायलात मॅडम?"

"यात दोन प्रकारचे सेल मिसळलेत का ते बघतोय अक्का."

"हायत की," त्या म्हणाल्या, जणू मी कढीत मीठ आहे का विचारलं. "हलके आणि जड. हलके मी काढून ठिवलेते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंबक्कांकडे.

टेबलाखाली, पाय ठेवायच्या फळीच्या मागे, एक क्रेट होता. पहिल्या दिवशी माल आला तेव्हा त्यांच्या हाताला काही सेल वेगळे लागले म्हणून त्यांनी ते बाजूला टाकायला सुरुवात केली होती. मग कुणीतरी सुपरवायझर येऊन म्हणाला, सगळे निळे आहेत, एकच माल आहे, वेळ घालवू नका. म्हणून त्यांनी पुढचे एकत्र टाकले. आधीचा क्रेट तसाच राहिला होता.

मी त्यातले मूठभर आणि दुसरे मूठभर सेल घेऊन लॅबच्या काट्यावर ठेवले. जड असलेले पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे. हलके चाळीस-एकेचाळीस. चार-पाच ग्रॅमचा फरक. मला तो हातात धरून कळत नव्हता, आणि आजही दोन हातांत दोन सेल धरल्याशिवाय कळत नाही. एक हलका सेल फ्यूम हूडमध्ये नीट कापला, काळा लेप खरवडला, आम्लात टाकला, पेरॉक्साइडच्या थेंबानं लोखंड फेरिक केलं आणि थायोसायनेटचा थेंब सोडला. रक्तासारखा लाल. लोखंड. मॉलिब्डेटनं पुन्हा पिवळा साका. गावोगावच्या सौर दिव्यांत हेच छोटे एलएफपी सेल असतात. बहुधा तिथूनच आले असावेत.

"अक्का, तुम्ही तेव्हाच वर येऊन सांगायचं ना," मी म्हणाले.

त्या थोड्या गप्प झाल्या. मग हसून म्हणाल्या, "विडीत छाट निघाली की आमच्या हिशोबातनं जायची. हजाराला पाचपन्नास छाट काढली तर त्याचे पैसे नाहीत, आणि ती छाट कारखानदारच ठिवून घ्यायचा. हितं कसं असतंय म्हायती नव्हतं. म्हणलं मी छाट काढली आणि कुणाच्या तरी पगारातनं जायचं." छाट म्हणजे बाद ठरवून बाजूला काढलेल्या विड्या.

साहेब "तसं काही नसतं हो" असं काहीतरी पुटपुटले. मला त्या क्षणी बोलायला सुचलं नाही, आणि टाकी वाट बघत होती.

आता प्रश्न टाकीचा. अर्ध्या द्रावणाचा पीएच रात्रीच साडेचारपर्यंत चढवला होता, त्याचाच तो लगदा झाला होता. साहेबांचं म्हणणं, लगदा बाजूला काढून ड्रममध्ये भरू, घातक कचरा म्हणून रांजणगावला पाठवू, नुकसान सोसू. त्या लगद्यात किती निकेल-कोबाल्ट अडकलंय ते मी मोजलं होतं. सोसण्यासारखं नव्हतं.

आणि सकाळपासून एक गोष्ट मला खुणावत होती. लोखंड नुसतं आलं असतं तर आमच्या पद्धतीनं त्याचा लगदाच होणार. पण हे लोखंड आपलं औषध बरोबर घेऊन आलं होतं. एलएफपीत लोखंडाच्या प्रत्येक अणूमागे फॉस्फेटचा एक असतो, बरोबर एकास एक. आणि फेरिक फॉस्फेट हे पीएच दोनच्या आसपासच खाली बसतं, जिथे निकेल आणि कोबाल्ट हलतसुद्धा नाहीत. शिवाय गरम ठेवून वेळ दिला तर ते दाणेदार बसतं. घाईघाईत पीएच वर नेला म्हणून हायड्रॉक्साइडचा चिकटा झाला होता. दोनवर थांबलं तर वाळू गाळल्यासारखं गळायला हवं.

हवं. कागदावर सगळंच हवं असतं. आधी बीकरमध्ये करून पाहिलं. लगदा घेतला, पुन्हा आम्लात विरघळवला, पंच्याऐंशी-नव्वद अंशांवर ठेवला. उरलेलं फेरस लोखंड फेरिक करायला पेरॉक्साइड थेंबाथेंबानं. ते एकदम ओतायचं नसतं. लोखंडाच्या सान्निध्यात पेरॉक्साइड फुटतं आणि फेस बीकरबाहेर येतो. कॉस्टिकनं पीएच दोनला धरून ठेवला. पहिला तास नुसता पिवळट गढूळपणा. जेवणाची सुट्टी झाली. माझी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मी हॉटप्लेटकडे तोंड करून खाल्ली. दुपारचे दोन वाजून गेल्यावर गढूळपणा दाट झाला, आणि मग पाचेक मिनिटांत रंग उतरून पांढुरका झाला. ढवळणी थांबवली तशी पूड तळाला बसायला लागली. बुखनर फनेलवर ओतलं आणि पंप चालू केला. मिनिटभरात कोरडं. वर मलईच्या रंगाची पूड, खाली स्वच्छ हिरवं द्रावण, निकेलचं हिरवं.

सिद्धाराम तेव्हाही घरी गेलेला नव्हता. कँटीनच्या बाकावर झोप काढून परत आला होता. फनेलकडे बघून म्हणाला, "असं बसतंय होय बे," आणि लगेच जीभ चावली, कारण 'बे' मला उद्देशून गेलं होतं. सोलापूरच्या माणसाला यात लाज वाटायचं कारण नाही, असं मी त्याला सांगितलं.

टाकीवर मात्र बीकरसारखं चालत नाही. तीन हजार लिटर तापायला वेळ लागतो, पेरॉक्साइडची नळी बारीक करावी लागते, कुणीतरी सतत पीएच मीटरपाशी उभं राहावं लागतं. संध्याकाळी सहाला सुरू केलं. साहेब स्वतः थांबले, बाह्या वर करून. रात्री साडेनऊला प्रेस लावला तेव्हा काटा दोन किलोवर राहिला आणि नळ्यांतून धार लागली. प्लेटा उघडल्यावर केक अखंड सुटून खाली पडला. उरलेलं डब्यांचं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मग नेहमीच्या पद्धतीनं वरच्या पीएचला काढलं. तो लगदा झालाच, पण रोजच्याएवढा. शेवटच्या द्रावणात लोखंड मर्यादेच्या आत आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी.

व्यापाऱ्याशी जे झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात नवीन काही नाही. तो म्हणाला माझ्याकडेही असाच आला. आम्ही म्हटलं एनएमसीचा भाव आणि एलएफपीचा भाव यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. फोनाफोनी झाली, वजावट झाली, दोघंही थोडे थोडे नाराज राहिले. त्यानं मुद्दाम मिसळलं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

शॉर्टिंगच्या टेबलावर आता वजनकाटा आहे, त्रेचाळीसच्या खाली गेला की लाल दिवा लागतो. नव्या पोरी प्रत्येक सेल काट्यावर ठेवतात. अंबक्का ठेवत नाहीत. त्या दोन्ही हातांनी उचलत जातात आणि एखादाच शंकेचा सेल काट्याला दाखवतात. काट्याचं आणि त्यांचं जमत नाही असं एकदाच झालं, तेव्हा काट्याखाली दोऱ्याचा गुंडा अडकलेला निघाला. त्यांच्या छाटीचं आता वेगळं रजिस्टर आहे, आणि जास्त छाट काढणारीच्या पगारात भर पडते. हे व्हायला दोन महिने लागले आणि मला एचआरच्या केबिनमध्ये नको इतक्या वेळा बसावं लागलं.

राहिली ती पांढरी पूड. कोपऱ्यात पोती लागली होती. सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी बॅटऱ्या जमिनीत पुरायला आणि जाळायला बंदी केली आहे, आणि पोर्टेबल आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांतली किती सामग्री परत काढायची याचं प्रमाण वर्षावर्षानं चढवत २०२६-२७ पर्यंत ९० टक्क्यांवर नेलं आहे. एलएफपीचा भरणा वाढत जाणार आणि आपण लोखंड-फॉस्फेट पोत्यांत भरून ठेवणार, हे फार दिवस चालणार नाही. शिवाय फेरिक फॉस्फेट हा एलएफपी बनवण्याचा कच्चा मालच आहे. चीनमधले कारखाने ते मुद्दाम बनवतात. आमच्याकडे ते चुकून पडलं होतं.

मी थोडी पूड धुऊन, भाजून घेतली. त्यात आमच्याच लाइनवर निघालेलं लिथियम कार्बोनेट आणि थोडं ग्लुकोज मिसळलं. ग्लुकोज जळून कार्बन होतं. तो फेरिकला परत फेरस करतो आणि कणांवर पातळ थर देतो, नाहीतर एलएफपीतून वीज नीट वाहत नाही. नळीच्या भट्टीत नायट्रोजन सोडून सातशे अंशांवर रात्रभर. सकाळी भट्टीतल्या भांड्यातून काळी पूड निघाली. तिचा लेप अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर द्यायला लागतं एनएमपी हे द्रावक. ते आपल्या सोलापूरच्याच बालाजी अमाइन्सचं मिळतं, याचं मला उगाच बरं वाटतं. पुढचं काम पुण्याच्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये केलं, कारण नाण्याएवढा चाचणीचा सेल जोडायला आर्गॉन भरलेली बंद पेटी लागते आणि ती आमच्याकडे नाही.

तिनं आलेख पाठवला. एलएफपीची सही त्यात लगेच ओळखू येते. व्होल्टेज ३.४ ला येऊन सपाट होतं आणि शेवटपर्यंत सपाट राहतं. धारकता नव्या बाजारी मालाहून कमी भरली. नवा माल ग्रॅममागे १५५-१६० मिलिअँपिअर-तास देतो, आमचा १४० च्या अलीकडे-पलीकडे. अ‍ॅल्युमिनियमचा थोडा अंश पुडीत राहिला असावा. पण सेल चालत होता. गावातल्या कुठल्याशा दिव्यातून निघालेलं लोखंड पुन्हा चार्ज होत होतं.

साहेबांना आलेख दाखवला. त्यांनी तो मनापासून पाहिला आणि मग विचारायचं तेच विचारलं. "किलोला किती पडेल?"

मी हिशोब करूनच गेले होते. लिथियम कार्बोनेटचा भाव २०२२ च्या अखेरीस शिगेला होता आणि वर्षभरातच पार कोसळला. चीनमधून येणारा तयार एलएफपी आज ज्या भावात मिळतो, त्याच्या जवळही आमचा पोचत नाही. भट्टी मोठी केली, धुण्याचं पाणी फिरवून वापरलं, तरी सध्या नाही.

साहेबांनी खिडकीतून शेडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "पोती टाकू नका मग. ताडपत्री घाला त्यांच्यावर, मृग लागेल आठवड्यात. आणि त्या धुण्याच्या पाण्याचं काय म्हणालात, ते परत सांगा."